गॅरेजचा जुना दरवाजा उतरवताना: आधी पीळ, मग पाना

अमेरिकेत घर घेतलेल्या माणसाला गॅरेजचा दरवाजा कधी ना कधी कामाला लावतोच. गाडी रिव्हर्स घेताना पॅनेलला पोचा पडतो. लाकडी दरवाजा असेल तर बर्फाच्या पाण्याने खालची कड कुजते. कधी गॅरेजचीच खोली करायचं ठरतं आणि दरवाजा नकोसा होतो. शनिवारी सकाळी हातात पाना घेऊन समोर उभं राहिलं की काम सोपं वाटतं. चार आडवी पॅनेलं, थोड्या बिजागऱ्या, दोन बाजूंना ट्रॅक. सगळं बोल्टांवर उभं आहे, तर बोल्ट काढले की खाली येईल.

येतंच. पण कोणता बोल्ट कधी काढला यावर सगळं अवलंबून आहे. बिजागऱ्या आणि ट्रॅक मी पुढे पटकन उरकणार आहे, कारण तिथे चूक झाली तर फार तर बोट चेमटेल. स्प्रिंगजवळ चूक झाली तर मनगट, जबडा किंवा डोळा जातो. म्हणून या लेखाचा मोठा भाग स्प्रिंगचा आहे.

वजन गेलं कुठे?

दोन गाड्यांचा, १६ बाय ७ फुटांचा साधा पत्र्याचा दरवाजा साधारण १३० ते २०० पौंड भरतो, म्हणजे ६० ते ९० किलो. जुना लाकडी दरवाजा ३०० पौंडांच्याही वर जातो. तरीही घरातलं शाळकरी पोरगं तो एका हाताने वर सारतं, कारण जवळजवळ सगळा भार स्प्रिंगने पेललेला असतो. छताला टांगलेली ओपनरची मोटर दरवाजा उचलते असा बऱ्याच जणांचा समज असतो. ती तोललेल्या दरवाजाला फक्त पुढे-मागे ढकलते. आपल्याकडच्या दुकानांच्या शटरमध्येही वरच्या पाइपावर वजन पेलणाऱ्या स्प्रिंगा असतात, आणि गावाकडे शटरवाल्याला काम करताना पाहिलं असेल तर तो पाइपाशी किती जपून वागतो हे लक्षात असेल.

दरवाजा बंद असतो तेव्हा स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते. समजा दरवाजा ७० किलोचा आणि ७ फूट उंच आहे. त्याच्या स्प्रिंगांमध्ये मिळून साधारण ७०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. सिमेंटचं ५० किलोचं पोतं दीड मीटरवरून पडावं, एवढी ती ऊर्जा आहे. गंमत अशी की अशा दरवाजाला दोन स्प्रिंगा असतील, तर पीळ सोडवायला स्प्रिंगच्या टोकात घालतात त्या दीड फुटी पोलादी बारच्या टोकाशी हाताला जेमतेम चार-पाच किलोचा जोर जाणवतो. लोक फसतात ते इथेच. ‘एवढंच होय!’ म्हणून पकड ढिली होते, बार निसटतो, आणि स्प्रिंग सात फेरे एका दमात उलगडते. तो बार मग कुठे जाईल ते कुणाच्या हातात नसतं. लाकडी जड दरवाजा आणि एकच स्प्रिंग असेल तर हातावरचा जोर १५ ते १८ किलोपर्यंत जातो. तिथे फसायलाही वाव नाही, घाम फुटतो.

स्प्रिंग गंजली आहे, दरवाजा वर्षानुवर्षं उघडलेला नाही, म्हणून तिच्यातला जोर संपला असेल असं धरून चालू नका. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे इथे शब्दशः खरं आहे.

आधी ओळख पटवा

दरवाजा बंद करून गॅरेजच्या आत उभे राहा आणि वर बघा.

दरवाजाच्या डोक्यावर, भिंतीला समांतर लोखंडी दांडा असेल आणि त्यावर एक किंवा दोन जाडजूड स्प्रिंगा ओवलेल्या असतील, तर ती टॉर्शन स्प्रिंग. दांड्याच्या दोन्ही टोकांना ड्रम असतात, त्यांवर तारेची केबल गुंडाळलेली असते आणि ती केबल खाली जाऊन सगळ्यात खालच्या पॅनेलच्या कोपऱ्यातल्या ब्रॅकेटला अडकलेली असते.

वर दांडा नसेल, पण छताजवळच्या आडव्या ट्रॅकच्या बाजूने लांब स्प्रिंगा ताणलेल्या असतील आणि त्यांच्याबरोबर कप्पी-केबल दिसत असेल, तर ती एक्स्टेन्शन स्प्रिंग.

डोक्यावर दांड्याऐवजी बंद नळी आहे आणि स्प्रिंग कुठेच दिसत नाही, असंही होतं. ती बहुतेक वेन डाल्टन या कंपनीची टॉर्कमास्टर पद्धत असते. स्प्रिंग नळीच्या आत असते आणि तिचा ताण सोडवायची रीत वेगळी आहे. खाली दिलेली कृती तिला लागू पडत नाही. तसंच जुन्या घरांमध्ये, विशेषतः पश्चिम किनाऱ्याकडे, पॅनेल नसलेला अखंड एका फळीचा दरवाजा सापडतो, जो सबंध बाहेर झुकून वर जातो. त्याच्या स्प्रिंगा दोन्ही बाजूंच्या चौकटीला असतात. हे दोन्ही प्रकार तंत्रज्ञावर सोडा.

टॉर्शन असेल तरी अजून एक गोष्ट बघा. ड्रमवरून केबल मागच्या अंगाने, म्हणजे भिंतीच्या बाजूने खाली उतरते का? नेहमीच्या मांडणीत तसंच असतं. ती पुढून, तुमच्या बाजूने उतरत असेल तर स्प्रिंगचा पीळ उलट दिशेचा आहे. छत बुटकं असलेल्या गॅरेजात असं करतात. कधी कधी तर दांडा दरवाजावर नसून पार मागे, आडव्या ट्रॅकच्या शेपटाला असतो. अशा मांडणीतही माणूस बोलवावा, कारण खालची दिशांची सगळी वर्णनं तिथे उलटी होतात.

स्वतः करायचं का?

माझं मत सरळ आहे. स्प्रिंगचं काम आणि बाकीचं काम वेगळं समजा. गॅरेज डोअरवाल्याला ‘फक्त स्प्रिंगा सैल करून द्या, दरवाजा मी उतरवतो’ असं सांगता येतं. त्याच्या हाताला ते थोड्या वेळाचं काम आहे. पुढचं सगळं तुम्ही आणि एखादा मित्र निवांत करू शकता. पैसे वाचवायचे असतील तर पॅनेल, ट्रॅक, भंगार यांत वाचतातच.

स्वतःच करणार असाल तर काम सुरू करण्याआधी टॉर्चने स्प्रिंगच्या टोकाचा कोन नीट तपासा. कोन म्हणजे ज्यात बार घालायची चार भोकं असतात तो ओतीव भाग. त्याला तडा दिसला, भोकाची कड फुटलेली दिसली, किंवा कोन दांड्यावर आवळून धरणाऱ्या सेट स्क्रूचं डोकं गोल झालेलं दिसलं, तर तिथेच थांबा. खालच्या ब्रॅकेटजवळ केबलचे धागे सुटलेले असतील तरी थांबा. शिडीवर चढायला मन कचरत असेल तर तेही कारण पुरेसं आहे.

स्प्रिंग तुटलेलीच असेल तर? तुटलेल्या टॉर्शन स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये दोन-एक इंचांची फट दिसते. थंडीच्या सकाळी ‘धाड’ असा आवाज होऊन हे घडतं आणि घरच्यांना वाटतं काहीतरी कोसळलं. साधारण स्प्रिंग १०,००० वेळा उघडझाप करण्याच्या हिशेबाने बनवलेली असते. रोज चार वेळा दरवाजा वापरला तर सात वर्षांच्या आसपास तिचं आयुष्य भरतं. दोनपैकी एक तुटली असेल तरी दुसरी पूर्ण पीळ भरून बसलेली असते, हे विसरायचं नाही.

कामाच्या आधीची आवराआवर

गाडी बाहेर काढा. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण स्प्रिंग सैल झाली की दरवाजा हातानेही उचलत नाही आणि ओपनरने उचलायचा प्रयत्न केला तर ओपनरचं गिअर जातं. गाडी आत राहिली तर दरवाजा पूर्ण निघेपर्यंत ती अडकली.

याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही स्वतः बाहेर कसे पडणार? गॅरेज घराला जोडून असेल तर आतलं दार असतं. पण घरापासून सुटं गॅरेज असेल आणि त्याला बाजूचं दार नसेल, तर बंद दरवाजामागे तुम्ही कोंडले जाल. अशा ठिकाणी एकट्याने हे काम करूच नये. फोन खिशात ठेवा आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा. मुलं आणि कुत्रं त्या दिवशी गॅरेजात नकोत.

ओपनरचा प्लग काढा. नुसतं रिमोट बाजूला ठेवून भागत नाही, कारण भिंतीवरचं बटण कुणीही दाबतं. बऱ्याच नव्या ओपनरमध्ये बॅटरी असते. कॅलिफोर्नियात तर २०१९पासून नव्याने विकल्या जाणाऱ्या ओपनरला बॅटरी सक्तीची आहे. तीही काढा. दरवाजा खाली असताना ओपनरला लोंबणारी लाल दोरी ओढून ओपनरचा हात सोडवा आणि पॅनेलवरचा त्याचा ब्रॅकेट मोकळा करा. लाल दोरी दरवाजा उघडा असताना कधीच ओढू नये. स्प्रिंग कमजोर असेल तर दरवाजा धाडकन खाली येतो.

हत्यारांत खरी गोष्ट एकच, विंडिंग बार. अर्ध्या इंचाचे, १८ इंच लांब, भरीव पोलादी दोन बार लागतात. ते हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन जोडीने मिळतात. काही कोनांची भोकं पाच अष्टमांश इंचाची असतात, म्हणून आधी माप घ्या. बार भोकात ढिला डुगडुगता कामा नये. स्क्रू ड्रायव्हर, बांधकामाची सळई, पान्याचा दांडा यांतलं काहीही चालत नाही. तो वाकतो किंवा निसटतो, आणि आपत्कालीन विभागात जाणारे लोक बहुधा याच जुगाडाने जातात.

याशिवाय चार व्हाइस ग्रिप (आवळून लॉक होणाऱ्या पकडी), सेट स्क्रूसाठी तीन अष्टमांश इंचाचा पाना, ७/१६, १/२ आणि ९/१६ इंचाचे सॉकेट, गंज सोडवायचं तेल, जाड हातमोजे, बंद बूट आणि डोळ्यांवर गॉगल. गॉगल चष्म्यावरूनही घालायचा. सेट स्क्रूंवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं तर सकाळी त्यांच्याशी कुस्ती करावी लागत नाही. शिडी घडीची, चार पायांची आणि न डुलणारी हवी.

टॉर्शन स्प्रिंग: पीळ सोडवणं

दरवाजा पूर्ण बंद हवा. दोन्ही बाजूंच्या उभ्या ट्रॅकवर, एखाद्या रोलरच्या अगदी वर, एकेक व्हाइस ग्रिप घट्ट आवळा. पीळ सोडवताना काही गडबड झाली तर दरवाजा उसळून वर जाऊ नये, यासाठी हे.

आता शिडी. विंडिंग बार कोनात घातला की तो भिंतीला काटकोनात, उभ्या वर्तुळात फिरतो. त्या वर्तुळाच्या पातळीत तुमचं डोकं, छाती किंवा पाय येता कामा नये. म्हणून शिडी कोनासमोर लावायची नाही. थोडी बाजूला लावायची आणि हात लांब करून काम करायचं. चेहरा जवळ नेऊन भोकात डोकावायची सवय इथे सोडून द्या.

बार कोनात किती आत जातो ते आधी बघून घ्या आणि तेवढ्या खुणेवर टेप गुंडाळा. पुढे प्रत्येक वेळी टेप कोनाच्या कडेला टेकली तरच बार पूर्ण आत गेला असं समजायचं. अर्धवट घातलेला बार धरण्यापेक्षा न धरलेला बरा.

पिळाची दिशा मनात स्पष्ट हवी. नेहमीच्या मांडणीत स्प्रिंग भरताना तुमच्या समोरची बाजू खालून वर फिरवतात. म्हणजे ती सुटू पाहते तेव्हा समोरची बाजू वरून खाली येते आणि कोनाची खालची बाजू दरवाजाकडे सरकते. याचा एक फायदा होतो. खालच्या भोकात घातलेला, खाली लोंबणारा बार स्प्रिंगच्या जोराने दरवाजावर टेकतो आणि तिथे अडतो. वरच्या पॅनेलला काचेच्या खिडक्या असतील तर तिथे आधी फळीचा तुकडा लावून घ्या.

पहिला बार खालच्या भोकात टेपपर्यंत घाला आणि घट्ट धरा, किंचित आपल्याकडे ओढून. दुसऱ्या हाताने त्या कोनाचे दोन्ही सेट स्क्रू सैल करा. पूर्ण काढू नका, एक-दोन आटे सैल पुरेत. स्क्रू सुटताच सगळा जोर बारमधून तुमच्या हातात येतो. दचकू नका. बार हळूच दरवाजावर टेकू द्या.

आता दुसरा बार तुमच्या समोर आलेल्या, आडव्या भोकात घाला. त्याला थोडं वर उचलून भार स्वतःकडे घ्या. पहिला बार मोकळा झाल्याचं हाताला कळेल, तेव्हा तो काढा. दुसरा बार सावकाश खाली आणा, तो उभा होऊन दरवाजावर टेकेपर्यंत. हा झाला पाव फेरा. पुन्हा समोरच्या भोकात बार, भार घ्या, खालचा काढा, खाली आणा. कोणत्याही क्षणी कोनात एक तरी बार पूर्ण बसलेला असलाच पाहिजे.

७ फूट उंच दरवाजाच्या स्प्रिंगमध्ये साधारण सात ते साडेसात फेरे पीळ असतो, म्हणजे पाव फेऱ्यांनी २८ ते ३० वेळा हीच हालचाल. ८ फुटी दरवाजाला एक फेरा जास्त. बऱ्याच स्प्रिंगांवर लांबीभर रंगाची सरळ रेघ मारलेली असते. पीळ भरला की ती स्क्रूच्या आट्यासारखी फिरते. तिची वळणं मोजली तर किती फेरे भरलेत ते आधीच कळतं. मोजून ठेवा आणि सोडवताना मोठ्याने मोजत जा. विसाव्या-पंचविसाव्या पाव फेऱ्याला जोर कमी झालेला असतो, हात दुखत असतात आणि ‘आता सोडून दिलं तरी चालेल’ असं वाटतं. शेवटचा पाव फेराही बारनेच उतरवायचा.

पीळ पूर्ण गेल्याची खूण म्हणजे कोन हाताने सहज मागेपुढे हलतो आणि रेघ सरळ झालेली असते. दुसरी स्प्रिंग असेल तर तिच्यासाठी सगळं पहिल्यापासून. एक सैल झाली तरी दुसरी भरलेलीच आहे.

दोन्ही सैल झाल्यावर केबलकडे बघा. ती ढिली लोंबायला हवी. तशी नसेल तर कुठेतरी ताण शिल्लक आहे. तो कुठे आहे ते कळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मधल्या ब्रॅकेटचे बोल्ट, जिथे स्प्रिंगचं स्थिर टोक भिंतीला बांधलेलं असतं, ते आणि खालच्या कोपऱ्यातला ब्रॅकेट यांना आतापर्यंत हात लावलेला नसला पाहिजे. पीळ भरलेला असताना यांतला एकही बोल्ट सैल करणं म्हणजे सगळा ताण एकदम मोकळा करणं. खालच्या ब्रॅकेटवर बऱ्याचदा लाल रंग किंवा इशाऱ्याचं लेबल असतं, ते याचसाठी.

इथून पुढे ड्रमचे सेट स्क्रू सैल करून केबल सोडवा, मधला ब्रॅकेट उघडा, स्प्रिंगांसकट दांडा दोघांनी मिळून बाजूला सरकवून खाली घ्या. दांडा वाटतो त्यापेक्षा जड असतो.

एक्स्टेन्शन स्प्रिंग असेल तर

इथे उलट आहे. दरवाजा वर गेला की स्प्रिंग सैल होते, म्हणून काम दरवाजा पूर्ण उघडा ठेवून करायचं. दोन्ही बाजूंना, सगळ्यात खालच्या रोलरच्या लगेच पुढे, ट्रॅकवर व्हाइस ग्रिप आवळा. प्रत्येक बाजूला दोन लावा. दरवाजा जड असेल तर त्याच्या खालच्या कडेखाली मापाने कापलेले दोन मजबूत खांब उभे करा, कारण आता त्याला पेलायला त्या ग्रिपशिवाय काही नाही.

स्प्रिंग ढिली पडल्याची खात्री करून केबल आणि कप्पी सोडवा, मग स्प्रिंगचं मागचं टोक. स्प्रिंगच्या आतून एक सुरक्षा केबल गेलेली असते. जुन्या दरवाजांना ती नसते, तेव्हा जास्तच जपा.

खरं कठीण काम पुढे आहे. दरवाजाचं सगळं वजन आता हातांवर येतं आणि तो खाली आणायचा असतो. दोन गाड्यांच्या दरवाजाला तीन माणसं तरी हवीत आणि ‘सोडा’ म्हणणारा एकच हवा. खाली खांबासारखे दोन ठोकळे ठेवून टप्प्याटप्प्याने उतरवलं तर बोटं वाचतात. खाली आला की ट्रॅकवर पुन्हा ग्रिप लावा.

पॅनेलं उतरवणं

इथून काम वाटलं होतं तसंच सोपं आहे. वरून खाली यायचं. सगळ्यात वरच्या पॅनेलच्या कोपऱ्यांतले रोलर ब्रॅकेट काढा, मग वरच्या आणि दुसऱ्या पॅनेलमधल्या बिजागऱ्या, आधी मधल्या, शेवटी टोकांच्या. शेवटची बिजागरी सुटली की पॅनेल आत झुकतं, म्हणून दोन्ही टोकांना माणूस उभा असल्याशिवाय ती काढायची नाही. टोकाच्या बिजागऱ्या पॅनेलपासून सुट्या केल्या की रोलरसकट ट्रॅकमध्ये राहतात, मग ट्रॅकमधून ओढून घेता येतात.

१६ फुटी पॅनेल मध्येच मुडपतं. दोघांनी ते उभं, कडेवर धरून न्यावं. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात, हातमोजे काढू नका. काचा असतील तर आडवी-उभी टेप चिकटवून घ्या. सगळ्यात खालच्या पॅनेलला केबलचे ब्रॅकेट असतात. ते आता निर्धास्त उघडता येतात.

आडवे ट्रॅक छताला मागच्या बाजूने भोकांच्या पट्टीने टांगलेले असतात. पट्टी सोडायच्या आधी ट्रॅकला दोरीने किंवा माणसाने आधार द्या, नाहीतर तो सी-सॉसारखा खाली येतो आणि सहसा वॉटर हीटरवर येतो. उभे ट्रॅक शेवटी.

नवा दरवाजा येणार असेल तर जुने ट्रॅक आणि स्प्रिंगा ‘अजून चांगल्या आहेत’ म्हणून ठेवायचा मोह होतो. स्प्रिंग त्या दरवाजाच्या वजनाला मापून बनवलेली असते. वेगळ्या वजनाच्या दरवाजाला ती चालत नाही. जुने ट्रॅक वापरू नयेत हेच नवा दरवाजा बसवणाराही सांगेल. ओपनर मात्र तपासून ठेवता येतो. तो १९९३च्या आधीचा असेल, दरवाजाच्या तळाशी दोन्ही बाजूंना सेन्सरचे डोळे नसतील, तर टाकून द्या. १ जानेवारी १९९३पासून बनलेल्या घरगुती ओपनरला दरवाजाखाली कुणी सापडू नये अशी सोय अमेरिकेत कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्याआधीच्या यंत्रांखाली लहान मुलं दगावलेली आहेत. कुणाला फुकटही देऊ नका.

भंगार आणि उरलेली मोकळी जागा

पत्र्याची पॅनेलं, ट्रॅक, दांडा आणि स्प्रिंगा स्क्रॅप यार्डवाले घेतात. आत फोम भरलेलं पॅनेल असेल तर आधी फोन करून विचारा, काही जण नाकारतात. टाउनशिपच्या बल्क पिकअपला, म्हणजे मोठा कचरा उचलण्याच्या सेवेला, लांबीची अट असू शकते, तेव्हा पॅनेल कापावी लागतात. स्प्रिंग रस्त्यावर ठेवण्याआधी ती सैल आहे हे दिसेल अशी आडवी ठेवा. ओपनरचा सर्किट बोर्ड आणि बॅटरी ई-कचऱ्यात.

लाकडी दरवाजा १९७८च्या आधीचा असेल तर रंगात शिसं असण्याची शक्यता धरा, कारण घरगुती रंगांत शिसं वापरायला अमेरिकेत त्या वर्षी बंदी आली. तो कोरडा घासू नका, करवतीने गॅरेजात कापू नका आणि जाळू तर मुळीच नका. हार्डवेअरच्या दुकानात तपासणीचे किट मिळतात.

दरवाजा निघाला की गॅरेजातून घरात जाणारं आतलं दार हेच तुमचं मुख्य दार होतं. त्याला साधं लॉक असेल तर आधी डेडबोल्ट बसवा. नवा दरवाजा त्याच दिवशी बसणार नसेल तर प्लायवूडचे तुकडे आणि २ बाय ४ आडव्या फळ्या तयार ठेवा, आणि आकाश बघून दिवस ठरवा. एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर उघडं गॅरेज चार दिवस राहील हे त्यांना आधी कळवलेलं बरं, नाहीतर पाचव्या दिवशी पत्र येतं. कायमची भिंत घालून खोली करायची असेल तर परमिट लागतं, आणि ते दरवाजा उतरवण्याआधी हातात असायला हवं. दरवाजावरच्या तुळईला, म्हणजे जिथे स्प्रिंगचा ब्रॅकेट बसला होता त्या जाड लाकडाला, इन्स्पेक्टर येऊन बघेपर्यंत कापू नका. वरचा भार बऱ्याच घरांत तिच्यावरच असतो.